हिरव्या रंगाखालची जीप

महागावजवळच्या तांड्यात पुष्पाबाई आडे यांची पिठाची गिरणी आहे. वीज गेली की गिरणी डिझेल इंजिनावर चालते आणि इंजिन रुसलं की पुष्पाबाई स्वतःच पाना घेऊन बसतात. नव्या सुनेचे काळे हात सासूला सुरुवातीला खपायचे नाहीत. पण ऐन दिवाळीत मेकॅनिक फिरकला नाही आणि सुनेनेच इंजिन धडधडत सुरू केलं, तेव्हापासून सासूच आल्यागेल्याला सांगायची, "आमच्या पुष्पाले विचारा."

मागच्या उन्हाळ्यात त्यांचे यजमान देवसिंग लोहारा गावातल्या भंगारवाल्याकडून एक जुनी जीप टोचन करून घेऊन आले. टप गायब, सीट गायब. इंजिन काढून विहिरीवर बसवायचं आणि बाकीचं लोखंड विकून टाकायचं, एवढाच त्यांचा बेत होता.

पुष्पाबाईंनी गाडीभोवती चक्कर मारली आणि रंगाचा एक पोपडा नखाने उचलला. पांढऱ्याखाली पिवळा निघाला, पिवळ्याखाली हिरवा.

"अहो, हे मिल्ट्रीची गाडी दिसते."

"असंल. आता भंगार आहे."

"मंग मांगच्या पत्र्याले दोन्ही बाजूनं समोरासमोर भोकं कायले पाडले?"

देवसिंगनी वाकून भोकात बोट घालून पाहिलं.

"हे माहीत झाल्याबिगर इंजिनाले हात लावाचा नाही," पुष्पाबाई म्हणाल्या. विहिरीचा बेत तिथेच राहिला.

मग दुपारचं दळण आटोपलं की त्या टिनाच्या शेडमध्ये शिरू लागल्या. कार्बोरेटर रॉकेलने धुतला, ब्रेकचं सामान नागपूरहून मागवलं. पॉलिश पेपरने घासता घासता एके दिवशी हिरव्याखाली पांढरा गोल दिसला, त्यात लाल अधिकाचं चिन्ह. त्यांनी तिथूनच हाक मारली, "अहो, दवाखान्याची गाडी आहे हे!" देवसिंग जेवण अर्धं टाकून धावत आले. तेव्हापासून तेही घासायला बसू लागले.

भोकांचं कोडं मात्र सुटेना. दळणाला येणारा प्रत्येकजण अंदाज सांगे. कोणी म्हणे बंदूक, कोणी म्हणे झेंडा.

महागावात लेकीकडे आलेले मुकुटबनचे मारोतराव जुने फौजी. ही चर्चा त्यांच्या कानावर गेली आणि ते काठी टेकत तांड्यात आले. त्यांनी भोकांवरून बोट फिरवलं.

"स्ट्रेचरची चौकट बसे इथं," ते म्हणाले. "एकाहत्तरच्या लढाईत मी अशाच गाडीत होतो. मांडीत गोळी होती."

"हेच गाडी असंल का, बाबा?"

"कसं सांगू, बाई? मी तर उताणा. आभाळ तेवढं दिसे. गाडी पाह्यलीच नाही मी."

"आन् चालवत कोण होतं?"

"तोंड नाही दिसलं त्याचं. आवाज तेवढा ध्यानात आहे. 'हिलना मत' म्हणे सारखा."

पुष्पाबाईंचे प्रश्न थांबेनात. रस्ता कसा होता, धक्के बसत होते का, शेजारी आणखी कोण होतं? मारोतरावांना आठवलं तेवढं त्यांनी सांगितलं. भोकं बुजवायची नाहीत, एवढं मात्र त्या दोघांचं ठरलं. खाजगी गाडीला फौजेचा हिरवा रंग चालत नाही असं आरटीओत कळलं, म्हणून गाडीला तुरीच्या फुलासारखा पिवळा दिला.

कागदपत्रं झाली तसा पुष्पाबाईंनी मारोतरावांना निरोप धाडला. ते इस्त्रीचा सदरा घालून आले. देवसिंगनी त्यांना मागे बसायला हात दिला, तर ते मागच्या बाजूला वळलेच नाहीत.

"मी समोर बसतो," ते म्हणाले. "गाडीतून रस्ता कसा दिसते, ते पाहाचं आहे मले."

पुष्पाबाईंनी स्टिअरिंग धरलं. तांडा मागे पडला, दोन्हीकडे कापूस लागला. मारोतराव काचेपलीकडे टक लावून बसले होते. फाट्यावर पुष्पाबाईंनी वेग कमी केला आणि विचारलं, "वापस घेऊ का, बाबा?"

"कायले?" ते म्हणाले. "त्या वळणाच्या पुढं काय आहे ते तं पाहू दे."