एका ओळीची दुरुस्ती

आमचे अण्णा नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. मशीनवरून उतरलेला जॉब, म्हणजे तयार झालेला भाग, मापात आहे की नाही ते बघायचं आणि पास किंवा रिजेक्ट करायचं, हे त्यांचं काम. घरी आल्यावरही ते सुटत नसे. भाकरीच्या जाडीपासून आमच्या मैत्रिणींपर्यंत सगळं ते पास नाहीतर रिजेक्ट करत. कारखान्यात ड्रॉइंगवरचा एखादा आकडा बदलायचा असला तर त्याची एक शिस्त असते, ती आम्हा भावंडांना पाढ्यांच्या आधी पाठ होती. जुना आकडा पुसायचा नाही, गिरवून काळा करायचा नाही. त्यावरून एकच आडवी रेघ ओढायची, म्हणजे आधी काय होतं ते खालून वाचता येतं. वर नवा आकडा, शेजारी छोटी सही आणि तारीख. एवढं केलं की दुरुस्ती पक्की, मग साहेबसुद्धा ती नाकारू शकत नाही. ही शिस्त अण्णांच्या हाडीमासी खिळली होती. भावाच्या लग्नपत्रिकेत वेळ चुकीची छापून आली, तेव्हा त्यांनी नव्या पत्रिका छापू दिल्या नाहीत. ओट्यावर बसून एकेका पत्रिकेवर रेघ, नवी वेळ, सही. नवरीकडच्यांना वाटलं, यांच्यात अशी काही रीत असेल. आम्ही पोट धरून हसलो होतो.

मृत्युपत्र त्यांनी आई असतानाच केलं होतं. सातपूरचं घर, म्हणजे खालच्या दोन खोल्या आणि मागाहून चढवलेला वरचा मजला, सगळं भावाला. आम्हा दोघी बहिणींची लग्नं झाली होती. दिल्या घरी गेलेल्या लेकींना घरात वाटा कशाला, हे तेव्हा आमच्याही डोक्यात आलं नाही. कंपनीतले दोन मित्र साक्षीदार झाले, एका वकिलानं कागद टाइप करून दिला. अण्णांनी त्या संध्याकाळी जिलेबी आणली. पोराच्या डोक्यावर छप्पर करून दिलं, हे त्यांनी गल्लीभर मिरवलं. म्हातारपणी पोरगाच बघणार, हेही सोबत सांगितलं.

पुढे आई गेली आणि त्याच सुमारास ताई परत आली. तिला चांदवडला दिली होती. नवरा वारल्यावर त्याच्या वाटणीचं कांद्याचं रान दिरांनी कसायला घेतलं आणि हिला 'चार दिवस माहेरी राहून ये' म्हणून एसटीत बसवून दिलं. ते चार दिवस कधी संपलेच नाहीत. तिला मूलबाळ नव्हतं. ती खालच्या खोल्यांत अण्णांबरोबर राहू लागली. भाऊ वर राहायचा, मग नोकरीसाठी बायकोपोरांसह पुण्याला गेला. आला की जिन्यातूनच विचारायचा, "काय, बरं चाललंय ना?" अण्णांची फुप्फुसं हळूहळू निकामी होत होती, चार पावलं चालले की धाप लागायची. त्यांची औषधं, आंघोळ, रात्रीची उठबस, सगळं ताई करायची. मी रविवारी नाशिकरोडहून यायची, सोबत मोसंबी आणि पुष्कळसे सल्ले घेऊन.

असंच एकदा अण्णांनी ठरवलं की खालच्या खोल्या ताईला द्यायच्या. तेव्हा ते अजून हिंडते होते. एकटेच रिक्षा करून कोर्टाजवळ त्या वकिलाकडे गेले आणि फणफणत परत आले.

"बदलायचं तर म्हणे सगळा कागद नव्यानं करा," ते म्हणाले. "डॉक्टरचा दाखला आणा की डोकं ठिकाणावर हाय. त्याची फी वेगळी. आन पुन्हा दोन साक्षीदार. एका ओळीसाठी?"

"मग द्या की पैसे," मी म्हणाले. "मी भरते."

"पैशाचं नाय गं." ते खाटेवर टेकले. धाप ओसरेपर्यंत बोलले नाहीत. "जुन्या साक्षीदारांतला एक वारला. दुसरा गल्लीच्या त्या टोकाला राहतो. त्याला काय सांगू? ज्या पोराचं कौतुक सांगत फिरलो, त्यानं बघितलं नाय म्हणून लेकीच्या नावानं करतो?"

गल्लीतल्या कुणाला साक्षीला बोलवायचं म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या वसाहतीत बोभाटा, हे मलाही माहीत होतं. नात्यातलं कुणी बोलवावं तर भावाला फोन गेलाच म्हणून समजा. फी कुणीही भरली असती. गल्लीसमोर एकदा मान खाली घालणं मात्र अण्णांनाच करायला लागणार होतं, आणि माझ्या बापाला ते जमेना.

पुढच्या रविवारी मी गेले तर ते खुशीत होते. कपाटातून मृत्युपत्र काढून त्यांनी माझ्यापुढे धरलं. 'संपूर्ण घर माझ्या मुलास' या ओळीवरून पट्टी लावून ओढावी तशी सरळ रेघ. वर बारीक, सुबक अक्षरात, 'वरचा मजला मुलास, खालच्या दोन खोल्या मोठ्या मुलीस, कायमच्या'. शेजारी सही, तारीख.

"अख्खं नवं करायचं असतं तर ती सगळी भानगड," ते म्हणाले. "आपल्याला फक्त दुरुस्ती करायची होती."

मला ते पटलं. ताईलाही पटलं. तिनं त्या दिवशी शेवयांची खीर केली. अण्णांनी केलेली दुरुस्ती कुणी नाकारलेली आम्ही कधी पाहिलीच नव्हती. सुंठीवाचून खोकला गेला, असंच वाटलं.

शेवटचे काही महिने अण्णांना ऑक्सिजन लावलेला असायचा आणि बसल्या बसल्याच झोपावं लागायचं. ताई त्यांच्या पाठीला उशी होऊन बसायची. ते गेले तेव्हाही तशीच बसलेली होती. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले आणि आम्ही तिघं भावंडं खाली बसलो. ताईनं कागद काढून भावाच्या हातात दिला. त्यानं तो दोनदा वाचला, मोबाइलवर फोटो काढला आणि जपून परत दिला. भांडला नाही. तेव्हाच मला भीती वाटायला हवी होती, पण मला तो शहाणा वाटला.

आठवड्याभरानं त्याचा फोन आला. त्याच्या वकिलाच्या मते ती दुरुस्ती कायद्यानं झालेलीच नव्हती. मी तडक कागद घेऊन कोर्टाजवळच्या एका वकीलबाईंना गाठलं. त्यांनी चष्मा पुसून तो नीट वाचला. मृत्युपत्रात एक शब्द जरी बदलायचा, तरी बदलाच्या जागी पुन्हा सही आणि पुन्हा दोन साक्षीदार लागतात, त्या म्हणाल्या. नुसत्या सहीनं होत नाही. म्हणजे जुनीच ओळ खरी.

"पण ती खोडलीय ना!" मी ओरडलेच.

"खोडलीय, पण वाचता येते." त्या ओळीवरून त्यांनी बोट फिरवलं. "वडिलांनी शाईनं पार काळं केलं असतं आणि खालचं काहीच दिसलं नसतं, तर गोष्ट वेगळी होती. मग घर मृत्युपत्राबाहेर पडलं असतं आणि बहुधा तिघांत सारखं वाटलं गेलं असतं. इतकी स्वच्छ रेघ का मारली त्यांनी?"

मी कागद उचलला. मी पायऱ्या उतरले आणि कोर्टाच्या भिंतीशी उभी राहून रडले. अण्णांचा मला इतका राग आला की त्या क्षणी ते समोर असते तर मी त्यांच्यावरही ओरडले असते. आयुष्यभर कुणाची एक चूक पास केली नाही या माणसानं, आणि लेकीचं छप्पर स्वतःच्या नीटनेटकेपणानं घालवलं. ताईला मी त्या काळ्या शाईचं सांगितलं नाही. आजवर सांगितलेलं नाही.

भाऊ पुढच्या रविवारी आला. "अण्णांची इच्छा होती, हे मी कुठे नाकारतोय?" तो म्हणाला. "पण कागद तो कागद." त्याला घर विकून पुण्यात फ्लॅट घ्यायचा होता. बहिणींनी संमती लिहून दिली की गिऱ्हाईक बिचकत नाही, म्हणून आमच्या सह्या हव्या होत्या. ताईच्या भाड्याच्या खोलीचं डिपॉझिट तो भरणार होता. मी ताडकन म्हणाले, मी सही करणार नाही, जा कोर्टात.

ताईनं मला आत नेलं. "तुला घर हाय," ती म्हणाली. "तुला रागावणं परवडतं. मला नाय परवडत." एवढंच म्हणाली आणि चहाचं आधण ठेवलं.

संमतीपत्रालाही दोन साक्षीदार लागतात. भावानं कुणाची मनधरणी केली नाही. दारात उभं राहून हाका मारल्या आणि समोरचा शेजारी आला, त्याच्या मागून टोकाला राहणारे काका आले, अण्णांच्या मृत्युपत्रावर सही केलेले ते मित्र. ताईनं सगळ्यांना चहा दिला. आम्ही दोघींनी सह्या केल्या. काकांना भावानं थोडक्यात सगळं सांगितलं, त्या खोडलेल्या ओळीचंही. त्यांचे डोळे भरून आले होते.

"पोरी," ते ताईला म्हणाले, "तुझ्या बापानं मला एक हाक मारली असती तर मी अनवाणी पळत आलो असतो. लेकीला द्यायची कसली लाज?"

मला वाटलं, आता हे उठतील आणि निघून जातील. क्षणभर भावालाही तसं वाटलं असावं, कारण तो खुर्चीतून थोडा पुढे सरकला. काकांनी डोळे पुसले, कप खाली ठेवला, खिशातून पेन काढलं आणि त्याला विचारलं, "सही कुठं करायची?"