संशयाला उत्तर देणाऱ्या प्रमिलाबाई

डॉ. प्रमिला उबाळे यांची आणि माझी पहिली भेट अंबडच्या त्यांच्या दवाखान्यात झाली. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. परिचारिकेचे शिक्षण संपवून मी नोकरी मागायला गेले होते. बाईंनी समोर बसलेल्या रुग्णाचा रक्तदाब मोजायला सांगितला. मी मोजून सांगितला, तर त्यांनी लगेच स्वतः पट्टा बांधून पुन्हा मोजला. माझा चेहरा पडलेला पाहून म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका, सिस्टर. मी माझ्या कानांवरही विश्वास ठेवत नाही." त्या दिवशी मी त्यांच्याकडे रुजू झाले ती त्यांनी शस्त्रक्रिया थांबवेपर्यंत तिथेच राहिले.

बाई जशा संशयी, तसेच आमच्याकडे येणारे लोकही. त्या काळी खेड्यात 'आपरेशन' म्हटले की माणसांना एकच आपरेशन आठवे, मुले बंद करण्याचे. सरकारी शिबिरांच्या दिवसांतली भीती घराघरांत टिकून होती. अशा वातावरणात एक स्त्री शल्यचिकित्सक चाळिशीच्या आत असताना अंबडला येऊन बसते, हेच कित्येकांना खटकत असे.

कुंभार पिंपळगावच्या मंदाची हकिकत सांगितली म्हणजे बाईंचा स्वभाव कळेल. मंदा दुसऱ्यांदा गरोदर होती. तिच्या उजव्या पायावरच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या होत्या. घोट्याजवळच्या शिरेला बादलीची कड लागली आणि रक्ताची धार सुरू झाली. नवऱ्याने तिला जीपमध्ये घालून आणले तेव्हा तिचे लुगडे भिजलेले होते. बाईंनी तिला आडवे करून पाय उंच धरला आणि बोटांनी शीर दाबून ठेवली. रक्त थांबले. पुढे बाळंतपण नीट झाले, मुलगी झाली.

काही महिन्यांनी बाईंनी तिला पुन्हा तपासले. बारीक शिरा ओसरल्या होत्या, मोठी तशीच होती. पुढचे मूल राहण्याआधी शस्त्रक्रिया करून घ्यावी, असे बाईंनी सुचवले. मंदाच्या सासूबाई कौसाबाई सोबत आल्या होत्या. त्यांनी विचारले, "चीर कुठं देता?"

"एक घोट्याजवळ, एक जांघेत," बाई म्हणाल्या.

"दुखनं पायात अन् चीर जांघेत?"

"शीर तिथंच वरच्या मोठ्या शिरेला मिळते, मावशी. तिथं बांधावी लागते."

"मंग पुन्हा न्हाई फुगायच्या?"

"फुगू शकतात. पुढच्या गरोदरपणात दुसऱ्या शिरा फुगतील."

"मंग कापता कशाला?"

"या वेळी रक्त थांबलं. पुढच्या वेळी शेतात, घरात कुणी नसताना फुटली तर थांबेल, असं मला सांगता येत नाही."

कौसाबाई उठल्या. जाताना म्हणाल्या, "माझ्या जावेला ताप बघतो म्हनून नेल्तं. आली ती आपरेशन होऊन. तिला मंग लेकरू झालं न्हाई."

मला राग आला होता. बाईंना आला नाही. त्या म्हणाल्या, "तुमचा संशय रास्त आहे. आपरेशनच्या वेळी आत उभ्या राहा. मी काय करते ते बघा."

बऱ्याच फेऱ्यांनंतर मंदाच्या घरचे तयार झाले. ठरल्या दिवशी भूल देणारे डॉक्टर जालन्याहून आले होते, अवजारे उकळून झाली होती. बाईंनी मंदाला पाळीबद्दल विचारले. "झाल्ती," ती म्हणाली. पण सांगताना तिने नजर खाली घातली. बाईंनी मला सोडून सर्वांना बाहेर पाठवले आणि तिच्या शेजारी बसून पुन्हा विचारले.

मंदा रडू लागली. "अंगावर पाजून राह्यले, म्हनून आलीच न्हाई बाळंतपनानंतर. पन आठ दिवसांपासून मळमळ होऊन राह्यली. आता परत गेले तर हे पुन्हा आनायचे न्हाईत मला."

तपासणी केली. दिवस गेले होते. "सासूबाईंना सांगू का?" बाईंनी तिला विचारले. तिने मान डोलावली.

भुलीने पोटातल्या बाळाला धोका, म्हणून आज शस्त्रक्रिया होणार नाही, असे कळल्यावर भूल देणारे डॉक्टर वैतागले. कौसाबाई मात्र बाईंजवळ आल्या. मग म्हणाल्या, "तुमी तसंच आपरेशन केलं असतं, तर आमाला काय कळलं असतं?"

"काही कळलं नसतं," बाई म्हणाल्या.

त्या गरोदरपणात पायाला पट्टी कशी गुंडाळायची, हे बाईंनी कौसाबाईंनाच शिकवले. खालून वर, फार आवळायची नाही. पाय उंच राहावेत म्हणून खाटेच्या पायगतीखाली विटा. शीर फुटलीच तर पाय उंच करून कुठे दाबायचे, तेही दाखवले. मुलगा झाला. तो वरचे अन्न खाऊ लागल्यावर शस्त्रक्रिया ठरली. तोंडाला फडके बांधून कौसाबाई आत उभ्या होत्या. "पोटाकडं जाऊ नका," एवढेच त्या म्हणाल्या. "नाही जात," असे म्हणून बाई हात कुठे आहे ते शेवटपर्यंत मोठ्याने सांगत राहिल्या.

तरीही कौसाबाईंचा संशय पुरता गेला नव्हता. दोनेक वर्षांनी मंदाला पुन्हा दिवस गेले, तेव्हाच तो गेला. डाव्या पायावर थोड्या शिरा आल्या. रक्त मात्र पुन्हा गेले नाही. त्यानंतर कौसाबाई गावातल्या बायकांना घेऊन येऊ लागल्या. बाहेरच्या बाकावर बसून त्यांना बजावत, "समदं इचारून घ्या. बिलकुल लाजू नका. बाई खरं तेच सांगती."

आम्हा परिचारिकांनाही बाईंनी हीच मुभा दिली. त्यांनी एका रुग्णाला लिहिलेला औषधाचा डोस मला एकदा जास्त वाटला. भीत भीत बोलले. त्यांनी पाहिले, बदलला आणि रुग्णासमोरच माझे आभार मानले.

आज बाई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या आहेत. गुडघे कुरकुरतात आणि त्यांना तपासणाऱ्या तरुण डॉक्टरांची त्या कसून उलटतपासणी घेतात, असे ऐकते. त्या डॉक्टरांना माझी नम्र विनंती आहे: कंटाळू नका, त्यांच्या प्रत्येक शंकेचे उत्तर द्या आणि त्यांना ठणठणीत चालत्या ठेवा. आम्हाला त्या अजून पुष्कळ वर्षे हव्या आहेत.