जप्तीचा माल

दरोगाजींचं नाक मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात प्रसिद्ध होतं. ते आकारानंही काही लहान नव्हतं, पण प्रसिद्धी आकारामुळे नव्हती. आबकारी खात्यात त्यांची सारी नोकरी गेली. हातभट्ट्या शोधायच्या, दारू जप्त करायची, पंचनामा करायचा आणि माल ओतून द्यायचा. जीपमधून उतरले की शिपाई झुडपं चाळायला लागत आणि दरोगाजी मात्र वाऱ्याकडे तोंड करून नुसते उभे राहत. मग बोट दाखवत, "नाल्याच्या पल्याड पाहा. दोन मडके आहेत. परवा लावलेत." पल्याड दोन मडकी निघायची, आणि भट्टीवाला स्वतःच कबूल करायचा, की हो साहेब, परवाच लावली.

त्यांच्या जीपचा ड्रायव्हर परसवाड्याकडची एक गोष्ट सांगत असे. एका शेताच्या बांधावर मोहाचं आंबवण पकडलं होतं. दरोगाजींनी मडक्यावर वाकून एकदाच वास घेतला आणि भट्टीवाल्याच्या खाडकन कानाखाली दिली. एरवी ते कधी कुणावर हात उचलत नसत. "युरिया टाकला याच्यात! आंधळे करतो का रे गावाले?" त्या माणसानं पाय धरले. दरोगाजींनी सगळं आंबवण खड्ड्यात ओतवलं आणि वर माती टाकेपर्यंत तिथून हलले नाहीत. आणि हेच दरोगाजी जंगलातल्या आदिवासींच्या टोल्यावर गेले, की झोपडीत देवापुढे ठेवलेल्या मोहाच्या मडक्याकडे पाठ करून उभे राहत. शिपायानं विचारलं तर म्हणत, "ते त्यांच्या देवाले लागते. ते मले दिसत नाही."

मी त्यांचा शेजारी. शाळेत शिकवत होतो, म्हणून ते मला गुरुजी म्हणत. निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर आमची बैठक असे. तिसरे मिश्राजी, निवृत्त स्टेशनमास्तर. बैठकीत चहा असे, वहिनींच्या हातचे भाजलेले पोहे असत, आणि दरोगाजींच्या हकीकती. मिश्राजी दर चार-आठ दिवसांनी एकच प्रश्न विचारत, "दरोगाजी, सच बताइए, कभी चखी नहीं?" आणि दरोगाजी दर वेळी तेच उत्तर देत, "नाकानं लय पिलो, मिश्राजी. तोंडाले लावाची गरजच नाही पडली."

त्यामागचं कारण मला ठाऊक होतं. कटंगीजवळच्या त्यांच्या गावी त्यांचे मोठे भाऊ दारूनं गेले, चाळिशीही न गाठता. दरोगाजी तेव्हा कॉलेजात होते. भावाला खाटेवर उचलून आणताना त्याच्या अंगाला जो वास येत होता, तो नाकातून कधीच गेला नाही, असं ते एकदाच, फार हळू बोलले होते.

आणि अशा माणसाची एकुलती एक मुलगी नाशिककडे वाइनच्या कारखान्यात नोकरीला लागली.

शालू हुशार. जबलपूरला सूक्ष्मजीवशास्त्र शिकली, पुढे आंबवण्याच्या शास्त्रातच रमली. घरी तिनं लपवलं नाही. लपवलं ते दरोगाजींनी. नातेवाइकांत ते "फळाच्या कारखान्यात आहे" एवढंच सांगत. मग गोंदियाहून एक स्थळ आलं. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "फळांचं म्हणजे नेमकं काय करता?" दरोगाजी घाईनं म्हणाले, "सरबत." शालूनं पोह्यांची थाळी खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "सरबत नाही, काका. द्राक्षाची वाइन बनवते मी." पाहुणे पोहे खाऊन, नमस्कार करून गेले. त्यांचा निरोप कधी आला नाही. त्या दिवसापासून दरोगाजी मुलीशी बोलायचे बंद झाले. फोन आला की उठून अंगणात जात. असं जवळजवळ नऊ वर्षं चाललं.

शालू मात्र दर दिवाळीला यायची, आणि येताना त्या वर्षीची एक बाटली आणायची. सोबत पावती आणि परवान्याचा कागदही असे, कारण बाप कोण आहे ते तिला पक्कं माहीत होतं. बाटली ती आईच्या हाती द्यायची. ती परत गेली की दरोगाजी त्या बाटलीच्या गळ्याला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधत. तारीख, वर्णन, नग एक, खाली सही. "जप्तीचा माल आहे," ते वहिनींना सांगत, "कोनी हात लावाचा नाही."

मला वाटे, पुढे ते या बाटल्या नेहमीच्या सवयीनं मोरीत ओतून देत असतील. एका मे महिन्यात भर दुपारी मी काही कामानं त्यांच्याकडे गेलो, तर मागच्या कौलारू खोलीत दरोगाजी ओली पोती खिडकीवर टांगत होते. बाहेर कावळेही ओरडायचे थांबावेत असं ऊन.

"काय चाललंय, दरोगाजी?"

"काही नाही. धान ठेवलं आहे."

धानाला कोणी थंडावा देतं का? मी आत डोकावलो. जमिनीवर विटांचा चौकोन, त्यात नदीची ओली वाळू, आणि वाळूत आडव्या झोपवलेल्या बाटल्या. सगळ्यांच्या गळ्यात चिठ्ठ्या.

"आडव्या काहून?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

ते बराच वेळ पोतं सारखं करत राहिले. मग म्हणाले, "ते पोरगी तिच्या मायले सांगून राह्यली होती. उभी ठेवली तर बूच वाळते म्हने." आणि लगेच आवाज चढवून, "मालखान्यातला माल खराब झाला तर जबाबदारी कोनाची असते, गुरुजी? दरोग्याची असते!"

मी तसाच परत फिरलो. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "आता कोणीतरी पहिला शब्द बोलायला हवा, बस."

तो शब्द पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी बोलला गेला. आम्ही तिघे ओसरीवर होतो. आत वहिनी फोनवर शालूशी बोलत होत्या. त्यांना कमी ऐकू येई, म्हणून फोनचा आवाज बाहेरपर्यंत यायचा. शालू सांगत होती, की तिनं पहिल्यांदा एकटीच्या जबाबदारीवर जी लाल वाइन केली होती, तिची एकही बाटली आता कारखान्यात उरलेली नाही. सगळी विकली गेली. आठ वर्षांनी ती कशी झाली असेल, ते पाहायला मिळालं असतं तर पुढचं काम सोपं झालं असतं. "तुला दिली होती एक, आई. पण बाबांनी ती ओतून दिली असेल. जाऊ दे."

दरोगाजी उठले. आम्हाला वाटलं, नेहमीसारखे अंगणात चालले. ते आत गेले आणि वहिनींच्या हातातून त्यांनी फोन घेतला.

"ओतली नाही," ते म्हणाले. "ये."

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "पन ते मी तुले अशी देनार नाही. इथंच उघडाची. माझ्यासमोर. पंच बसवीन मी." बाहेर येऊन त्यांनी आमच्याकडे पाहिलं. "तुमी दोघं पंच."

मिश्राजींच्या तोंडातला पोह्यांचा घास तसाच राहिला. "हम? हमने तो आज तक सिर्फ गंगाजल और चाय पी है!"

दिवाळीनंतरच्या रविवारी, दिवे लागायच्या वेळेला, आम्ही ओसरीवर जमलो. दरवाजा सताड उघडा ठेवायचा दरोगाजींचा हुकूम होता. वहिनी म्हणाल्या, लोकं पाहतील, निदान पडदा तरी ओढा. "पाहू दे," दरोगाजी म्हणाले. "लपून पितेत त्याले दारू म्हनतेत. आपन चारचौघात बसलो आहोत." त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. शालूनं टॉवेलात गुंडाळून काचेचे उंच दांड्याचे पेले आणले होते. ती सारखी वडिलांकडे न बघता आईकडे बघून बोलत होती.

तीन बाटल्या काढल्या. पहिली पांढऱ्या द्राक्षाची होती. तिचा रंग गुळाच्या पाण्यासारखा झाला होता. शालूनं वास घेतला आणि हसली, "ही गेली. हिला इतकं ठेवायचं नसतं." दुसरी लाल, पाच वर्षांची. ती मी चाखली. जिभेवर आधी जांभूळ खाल्ल्यासारखा तुरटपणा आला, मग ऊब. वहिनींनी एक घोट घेऊन तोंड वेडंवाकडं केलं. "याच्यापेक्षा माझा काढा बरा." मिश्राजींनी डोळे मिटून, जणू तीर्थ घ्यावं तसा, तळहातावरच घोट घेतला आणि म्हणाले, "अरे, यह तो बुरी नहीं है." दरोगाजी नुसते पाहत होते. त्यांनी पेल्याला हात लावला नव्हता.

तिसरी ती आठ वर्षांची. तिचं बूच निम्म्यातच तुटलं. शालूनं मलमलच्या फडक्यातून सावकाश गाळली आणि पहिला पेला वडिलांपुढे धरला. "फक्त वास घ्या, बाबा. प्यायलाच हवी असं नाही."

दरोगाजींनी पेला घेतला. नाक आत घातलं आणि डोळे मिटले. मी त्यांना नोकरीत कधी पाहिलं नव्हतं; ड्रायव्हर सांगायचा तो माणूस मला त्या संध्याकाळी दिसला.

"सुकलेलं बोर," ते म्हणाले. "मंग... तंबाखूचं पान, कोरडं नाही, दमट. मंग लाकूड. हे लाकूड सागाचं नाही. साल-बीजाच्या झाडाचंही नाही. आपल्या जंगलातलं लाकूडच नाही हे."

"ओक," शालू हळूच म्हणाली. "परदेशातून येतात ती पिंपं."

दरोगाजींनी पुन्हा नाक घातलं. या वेळी कपाळावर आठी पडली. "हे आंबत होतं तवा एकदा गरम झालंतं. जास्त गरम. जळलं नाही, पन जळता जळता वाचलं."

शालूच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"बाबा, हे कोणालाच माहीत नाही," ती म्हणाली. "दुपारी लाईट गेली. टाकी थंड ठेवायचं यंत्र बंद पडलं. साहेब बाहेरगावी होते. मी एकटी. गावातून बर्फाच्या लाद्या आणल्या, पोत्यात गुंडाळून टाकीभोवती लावत राहिले. हात सुजले होते माझे. नंतर सगळ्यांनी चाखली, नावाजली, पण हे कोणालाही कळलं नाही."

"एकटीच होती? मंग मले फोन काहून नाही केला?"

शालूनं पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "केला होता, बाबा. तुम्ही उचलला नाही."

रस्त्यावरून एक सायकल गेली. मिश्राजी आपल्या पेल्यात पाहत बसले. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण पंच उठून जात नाहीत. दरोगाजींनी पेला ओठाला लावला आणि आयुष्यातला पहिला घोट घेतला. लगेच गिळला नाही. तोंडात फिरवला, थांबले, मग गिळला.

"चांगली आहे," ते म्हणाले. "वाचवली तुनं. बर्फ लावून वाचवली."

शालू त्यांच्या पायाशी ओसरीवरच बसली आणि लहान मुलीसारखी रडली. रडता रडता म्हणाली, "मला नाक कुठून मिळालं वाटतं तुम्हाला? शाळेतून आल्यावर तुमच्या वर्दीचा वास घेऊन मी आईला सांगायची, आज बाबांनी मोहाचं पकडलं, आज गुळाचं." वहिनींना बहुधा सगळं ऐकू आलं नसावं, पण त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

त्या जानेवारीत द्राक्षांची तोडणी सुरू झाली आणि दरोगाजी नाशिकला गेले. पंधरा दिवसांसाठी म्हणून गेलेले, दोन महिने राहिले. पुढच्या जानेवारीत वहिनींना घेऊन गेले. स्टेशनवर सोडायला मी आणि मिश्राजी होतो. गाडीच्या खिडकीतून मला म्हणाले, "गुरुजी, तिथली पोरं मले सकाळ-सकाळ मळ्यात घेऊन जातेत. द्राक्षाचे मनी चावून सांगतो, पिकले का नाही. पगार नाही, पन काम सरकारी कामापेक्षा बरं आहे." मफलर गुंडाळलेलं ते तोंड इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. गाडी हलल्यावरही ते हात हलवत राहिले.

फेब्रुवारीत ते तिथंच गेले. दुपारी जेवून पडले आणि उठले नाहीत. मी आणि मिश्राजी पोहोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. शालू कोरड्या डोळ्यांनी सगळ्यांचं हवं-नको पाहत होती. मला पाहिल्यावर तिनं एका बाजूला नेलं.

"काका, ते गेले त्या सकाळी मळ्यात आले होते. त्याच दिवशी तोडायचं ठरलं होतं, मजूर आले होते, ट्रॅक्टर उभा होता. यंत्रानं मोजलेला गोडवा बरोबर येत होता. बाबांनी चार मणी खाल्ले, बी चावली आणि म्हणाले, बी अजून हिरवी लागून राह्यली, आज नोको तोडू, दोन दिवस थांब. साहेब वैतागले. मजुरांना परवा या म्हणून परत पाठवावं लागलं."

"मग?"

"थांबलो," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही अस्थी सावडल्या. परत येताना शालूनं गाडी घराकडे न नेता मळ्याकडे वळवायला सांगितली. वहिनी काही म्हणाल्या नाहीत. ओल्या केसांनी, अनवाणी ती वेलींच्या रांगेत शिरली, एक घड हातात घेतला, एक मणी तोंडात टाकला आणि बी दाताखाली फोडली. तळहातावर काढून पाहिली, ती तपकिरी झाली होती. मग तिनं वळून बांधावर थांबलेल्या मजुरांना हात केला.

"या," ती म्हणाली. "आज तोडा."