पैलवानाच्या पोटातलं दुखणं

जुन्या गाड्या फोडायच्या त्या गोदामात तिला सगळे पैलवान म्हणत. ती आठ किलोचा घण उचलायची तेव्हा शेजारचे पुरुष मुकाट्याने आपापले हात चालवायचे. पण महिन्यातले चार दिवस हीच बाई टायरांच्या ढिगामागे पोटाशी गुडघे घेऊन, ओठ रक्ताळेस्तोवर चावत पडलेली असे. अकरा वर्षं हेच. "लग्न झालं की थांबेल," आई म्हणाली होती. "मूल झालं की थांबेल," सासू म्हणाली. मूल झालंच नाही.

नवरा तिथेच गॅसकटर चालवायचा. एका दुपारी तो ढिगामागे आला. "दर महिन्याची नाटकं," म्हणत त्याने तिच्या ओटीपोटात लाथ घातली. मग दुसरी. ती उठली, घण उचलला आणि त्याच्या कानाला चाटून जाईल असा शेजारच्या गाडीच्या काचेवर हाणला. काचा त्याच्या कपाळात, गालात घुसल्या. तो ओरडत खाली बसला आणि ती त्याच्याच अंगावर कोसळली.

नणंद इस्पितळात कपडे धुण्याच्या खात्यात होती. तिने वहिनीला तिथल्या डॉक्टरीणबाईंपुढे नेलं. बाईंनी विचारलं, "शौचाला बसतानाही दुखतं? नवरा जवळ आला की?" पैलवान रडायलाच लागली. आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं.

तपासण्या झाल्यावर बाई म्हणाल्या, "याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. गर्भाशयाच्या आत असतं तसलंच अस्तर तुमच्या अंडाशयावर, आतड्यावर वाढलंय. दर पाळीला तेही सुजतं, रक्ताळतं, आतलं सगळं एकमेकांना चिकटतं. नाटक नाही हे."

दुर्बिणीतून ऑपरेशन करून अंडाशयावरची जुन्या रक्ताची गाठ काढली. दुसऱ्या दिवशी नवरा वॉर्डात शिरला आणि सलाइनचा हात धरून तिला पलंगावरून ओढू लागला. सुई निघाली, चादर लाल झाली. नणंदेने हातातला स्टीलचा डबा सख्ख्या भावाच्या तोंडावर हाणला. त्याचा दात पडला. "आता पुन्हा हात लावून बघ," ती शांतपणे म्हणाली.

पैलवान तिथून नणंदेच्या खोलीवर राहायला गेली. मालकाने नवऱ्याला कामावरून काढलं. कटर धरणारे छप्पन्न मिळतील, म्हणाला, असा घण चालवणारी कुठून आणू?

ती रोज हार्मोनची गोळी घेते, दुखलेल्या दिवसांच्या कॅलेंडरवर खुणा करून ठेवते. दुखणं गेलं नाही, निम्म्यावर आलं. फारच दुखलं तर मालकाला सरळ सांगते, "आज बसून तारा सोलते," आणि पोटावर गरम पाण्याची पिशवी बांधते. गाठ पुन्हा होऊ शकते, असं बाईंनी बजावलं, तेव्हा तिने फक्त पुढच्या तपासणीची तारीख मागून घेतली.