फुकट मिळालं म्हणून नव्हे

पलूस तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध संस्थेची मी सचिव. संकलनाचा संगणक माझ्या ताब्यात असतो. त्यावरची कंपनीची सिस्टीम काढून मी लिनक्स नावाची फुकट मिळणारी सिस्टीम बसवून घेतली, तेव्हापासून जो येतो तो मलाच त्याचं कारण सांगतो. विचारत कुणी नाही.

पुण्यात नोकरी करणारा माझा भाचा म्हणतो, यात आतलं सगळं उघडून बघता येतं, हवं तसं बदलता येतं. असेल. तो त्याचा आनंद. फौजेतून सुभेदार होऊन परतलेले माझे दीर म्हणतात, आपली माहिती परक्याच्या हातात जाऊ नये. आमच्या म्हशींवर कोणत्या शत्रूचा डोळा आहे, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही. आणि संस्थेचे चेअरमन गावभर सांगतात, "फुकट मिळालं म्हणून घेतलं वहिनींनी."

हे ऐकलं की माझं डोकं फिरतं.

झालं होतं असं. सकाळचं संकलन, दारात रांग, आणि पडद्यावर आलं: अपडेट चालू आहे, संगणक बंद करू नका. आत्ता करू का, असं मला कुणी विचारलं नव्हतं. फॅट मोजून ज्याचा त्याला दर लावायचं काम थांबलं, आणि टँकर यायची वेळ झालेली. मी म्हणाले, निदान प्रत्येकाच्या दुधाचा नमुना बाटलीत काढून ठेवू. चेअरमन म्हणाले, "कवा भरत बसता? ओता कॅनमध्ये. समद्यांना सरासरी फॅट लावू."

कॅनमध्ये ओतल्यावर कुणाचं दूध दाट आणि कुणाचं पाणी घातलेलं, हे कोण सांगणार? रांगेतल्या एका बाईचं घर एका म्हशीवर चालतं. म्हशीला ती सरकी पेंड कधी कमी पडू देत नाही. तिनं विचारलं, "आवं बाई, माझं दूध आन् ह्या पाणीवाल्याचं एकच व्हय?"

पाणीवाला मागंच उभा होता. "एकच की. संगणकानं ठरवलंय."

लोक हसले. तिनं रिकामी किटली उचलली. "उद्यापासनं खासगी डेअरीच्या गाडीला घालते."

त्याच दिवशी मी भाच्याला फोन केला. माझ्या मर्जीशिवाय काही करणार नाही असं यंत्र करून दे, बाकी काही नको. रविवारी येऊन त्यानं केलं. वजनकाटा आणि फॅटचं मशीन जोडताना त्याला घाम फुटला, पण जोडलं.

गेल्या महिन्यात आमचं सॉफ्टवेअर देणारा कोरेगावचा माणूस सभेत आला. म्हणाला, जुनी सिस्टीम परत टाका, नाहीतर दुरुस्ती बंद. चेअरमननी मान डोलावली. "वहिनी, फुकटचं किती दिस पुरणार?"

मी उभी राहिले. दारात माणसं उभी असताना यंत्र कुणाचं ऐकणार, एवढाच प्रश्न आहे, म्हणाले. जुनं आणायचं तर सकाळी त्याच्यापुढं तुम्ही बसा, आणि सरासरी म्हणजे काय ते त्या बाईला तुम्हीच समजवा.

"बिघडलं तर जबाबदारी तुमची."

"आजवर कुणाची होती?"

विषय पुढच्या सभेवर ढकलला. त्या बाईला परत बोलवायला चेअरमन गेले नाहीत, मीच गेले. तिनं चहा ठेवला. म्हणाली, "येते की. आदी तुमची सभा काय ठरवतीया ते बघू द्या."