बंदुकीचे तीन बार

उत्तर विस्कॉन्सिनात हरणांच्या शिकारीचे नऊ दिवस नोव्हेंबरात येतात आणि थँक्सगिव्हिंगचा, म्हणजे आभार मानायच्या सणाचा, गुरुवार नेमका त्यातच पडतो. त्यामुळे टॉलेफसनांच्या घरी सणाच्या सकाळी पुरुष रानात आणि बायका चुलीपाशी, हा शिरस्ता आजेसासऱ्यांपासूनचा. आर्डिसने तो एकतीस वर्षं निभावला. शाळेच्या स्वयंपाकघरात रोज तीनशे पोरांना जेवू घालणारी बाई ती. घरच्या सतरा माणसांना कुठली घाबरतेय! ती घाबरायची ते गेलेलं माणूस वेळेवर परतलं नाही की.

त्याला कारण होतं. ती नऊ वर्षांची असताना तिचा बाप तळ्याच्या बर्फावर मासे धरायला गेला. आई "येईल, येईल" म्हणत राहिली आणि जेवण पुन्हा पुन्हा गरम करत राहिली. बाप सापडला तो तिसऱ्या दिवशी, बर्फाखाली. तेव्हापासून कुणाला उशीर झाला की आर्डिस दाराशी जाऊन उभी राहायची. सासरी हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण दुसऱ्याच्या भीतीची कीव लोकांना फार दिवस येत नाही, पुढे तिची थट्टाच होते. मागच्या वर्षी नवरा व्हर्लिन दोन तास उलटले तरी आला नाही म्हणून तिने शेरिफच्या कचेरीत फोन केला. दोन पोलीस गाडीचे लाल-निळे दिवे लावून आले, तर हा आपल्या पिकअपमध्ये हीटर लावून घोरत पडलेला. त्या दिवसापासून धाकटा दीर गेलर्ड तिला 'भोंगा' म्हणू लागला. व्हर्लिनही हसला होता, आणि तेच तिला जास्त लागलं. पुन्हा म्हणून तोंड उघडायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं.

यंदा बाकीचे पुरुष अकराला परतले. व्हर्लिन एकटाच ओढ्यापलीकडच्या मचाणावर थांबला होता. बारापर्यंत येतो म्हणाला होता. त्याचा मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला. रानात तो वाजला की हरणं पळतात म्हणे. मचाणावर अंगाला बांधायचा पट्टा तो कधीच बांधत नसे, आणि हे एकट्या आर्डिसला माहीत होतं.

पाऊण वाजता ती बटाटे कुस्करत असताना ओढ्याच्या बाजूने बार झाला. थोडं थांबून दुसरा. मग तेवढंच थांबून तिसरा.

"तीन गोळ्या," गेलर्ड बिअर उघडत म्हणाला. "पहिल्या दोन आभाळाला लागल्या असणार. व्हर्लिनचा नेम तो."

सारखं अंतर ठेवून तीन बार म्हणजे 'अडचणीत आहे, या', हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही कळतं. पण शिकारीच्या दिवसांत बार दिवसभर चालूच असतात, मोजतो कोण? आर्डिसने मोजले होते.

"सारख्या अंतराने नाही वाटले?" तिने हळूच विचारलं.

"झाला भोंगा सुरू," गेलर्ड म्हणाला, आणि अख्खं स्वयंपाकघर हसलं. तीही हसली. मग पुन्हा बटाट्यांकडे वळली.

त्यानंतर तिचं कशात लक्ष लागेना. ग्रेव्ही ढवळायची आणि खिडकीतून ओढ्याकडची वाट बघायची. मन चिंती ते वैरी न चिंती, तसं तिला कधी तो झाडाखाली पडलेला दिसे, कधी बर्फ. एकदा तर तिने मागच्या दारापाशी जाऊन एक बूट चढवलाही. तेवढ्यात जाऊ जनीन येऊन म्हणाली, "अगं, कुठे निघालीस? टर्की करपेल ना." आर्डिसने बूट काढला. आपण बूट काढला म्हणून तिला स्वतःचीच किळस आली, तरी ती ओव्हनकडे परतली.

अडीच वाजून गेल्यावर गेलर्ड म्हणाला की आता बसू या, व्हर्लिन हरीण ओढत आणत असेल, त्याचं ताट झाकून ठेवा. सगळे बसले. पहिला घास घेण्याआधी प्रत्येकाने एका वाक्यात आभार मानायचे, ही घरची रीत. पाळी टेबलाभोवती फिरू लागली. कुणी नव्या नोकरीचे मानले, कुणी नातवाचे. गेलर्डने लेफ्शांचे, म्हणजे बटाट्याच्या पोळ्यांचे, मानले आणि हशा मिळवला. व्हर्लिनची खुर्ची ओलांडून पाळी आर्डिसकडे आली.

ती उभी राहिली.

"मला भीती वाटतेय," ती म्हणाली. "त्याने मदतीला हाक मारली, त्याला दोन तास झाले. मी इथे ग्रेव्ही ढवळत बसले. तुम्ही हसा खुशाल. मी चालले."

गेलर्डने तोंड उघडलं, पण अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या हिल्डाने, म्हणजे आर्डिसच्या सासूने, काटा खाली ठेवला. "गेलर्ड," ती म्हणाली, "बूट घाल."

रानात गुडघाभर बर्फ होता. आर्डिस पुढे, गेलर्ड आणि दोन पुतणे मागे. ती हाका मारत होती आणि उत्तर येत नव्हतं. तिसऱ्या दिवसाचा तो विचार ती मनातून ढकलत होती आणि तो परत येत होता. ओढा ओलांडल्यावर मचाणाखाली शिकारीचं नारिंगी जाकीट दिसलं. हलत नव्हतं. ती धावली, पडली, उठून पुन्हा धावली.

तो जिवंत होता. मांडी मोडलेली, ओठ निळे, बंदूक हाताशी. गेलर्डने आपला कोट काढून त्याच्यावर घातला आणि नुसत्या शर्टात रडू लागला. एक पुतण्या रुग्णवाहिका बोलवायला मोबाइल घेऊन टेकाडावर पळाला. आर्डिसने व्हर्लिनचा हात आपल्या स्वेटरच्या आत घेतला.

"बार ऐकू आले नाहीत का गं?" त्याने विचारलं. जीभ जड झाली होती. "मला वाटलं, बाकी कुणी नाही तरी तू येशील."

ओव्हनच्या पंख्याच्या आवाजात ऐकू आले नाहीत, असं सहज सांगता आलं असतं. ते तिच्या ओठांवर आलंही.

"आले," ती म्हणाली. "तिन्ही आले. मोजलेसुद्धा. तुम्ही सगळे हसाल म्हणून बसून राहिले."

व्हर्लिनने डोळे मिटले. हात त्याने काढून घेतला नाही, पण तिचा धरलाही नाही. बर्फात गुडघे टेकून ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि सबंध दिवसात वाटली नव्हती एवढी भीती तिला तेव्हा वाटली.