मागच्या सीटवरून पाहिलेल्या मावशी

“बाई, मी उतरते.”

समोरून कंटेनर दिसला की मावशी हे म्हणायच्या आणि त्यांचा हात दरवाजाच्या कडीकडे जायचा. गाडी चालवत असायच्या त्याच.

तुम्ही मोठेपणी ड्रायव्हिंग शिकला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, क्लासच्या गाडीत दोघं शिकाऊ असतात. एक चालवतो, दुसरा मागे बसून जीव मुठीत धरतो. आमच्या बॅचला मी आणि वळ गावच्या या मावशी होतो. मी भिवंडीतली शाळामास्तरीण, सगळा जन्म एसटीत आणि शेअर रिक्षात गेलेला. मावशी साठीला टेकलेल्या. अंगणवाडीत मदतनीस म्हणून त्यांनी तीस वर्षं सायकल चालवली होती.

सायकलवर त्यांचा एकच नियम होता. “मोठी गाडी आली का आपून उतराचा. ती जाते, मंग आपून जायाचा.” गोदामं झाल्यापासून त्यांच्या रस्त्याला मोठ्या गाड्याच जास्त, म्हणजे मावशी निम्मा रस्ता पायीच जात असणार. पण तीस वर्षांत एकदाही पडल्या नव्हत्या.

पहिल्या दिवशी त्यांनी चपला रस्त्यावरच काढल्या आणि अनवाणी गाडीत शिरल्या. पुलापर्यंत गेल्यावर त्यांना चपला आठवल्या. शिकवणाऱ्या सरांनी कपाळाला हात लावला आणि गाडी वळवायला लावली. वळवायला मी होते, त्यामुळे त्याला वीस मिनिटं लागली.

मावशींच्या घरी स्वतःची गाडी होती, जमीन गोदामाला दिली तेव्हा घेतलेली. चालवायचे त्यांचे मालक. शुगरने त्यांचा एक डोळा गेला आणि दुसरा वाचवायचा तर दर महिन्याला ठाण्याला जाऊन इंजेक्शन घ्यायचं होतं. मुलगा नेतो म्हणायचा आणि ऐन वेळी त्याला ड्युटी लागायची. दोन तारखा हुकल्या होत्या. आता एकही हुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

“भाड्याची गाडी करा ना,” मी म्हटलं.

“मालक बसत न्हाय. घरात गाडी असून भाड्याची कशाला, म्हनतात. तू शिक, मंग येतो. हट्टी मानूस हाय.”

एका सकाळी मानकोलीच्या नाक्यावर समोरून भलामोठा ट्रेलर वळत आला. मावशींनी गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, दरवाजा उघडला आणि खाली उतरून दरवाजा धरून उभ्या राहिल्या. सायकलचं हँडल धरून उभं राहावं तशा. मागून हॉर्नचा गदारोळ सुरू झाला. सर पांढरे पडले. ट्रेलर मावशींच्या उघड्या दरवाजापासून हातभर अंतरावरून सरकत गेला, तोवर मी डोळे घट्ट मिटून बसले होते.

ट्रेलरवाला खाली वाकून म्हणाला, “अम्मा, ये साइकिल नहीं है.”

“मालूम हाय,” मावशी म्हणाल्या आणि परत आत बसल्या.

त्या दिवशी घरी आल्यावर मी सरांना फोन केला. मला त्यांच्याबरोबर नको, म्हटलं. माझी मुलं लहान आहेत, असंही म्हटलं. धाकटा कॉलेजात होता. सरांनी मावशींना पुढच्या बॅचला टाकलं आणि त्यांची टेस्ट पंधरा दिवस पुढे गेली. इंजेक्शनची तारीख त्या पंधरा दिवसांतच येत होती. मला ती पाठ होती, कारण मावशी रोज गाडीत बसताना तीच सांगायच्या.

मी पहिल्या टेस्टला पास झाले. त्याचा आनंद मला झालाच नाही.

दोन-तीन महिन्यांनी शाळेच्या फाटकाशी एक गाडी हळूच येऊन थांबली. मावशी उतरल्या, कार्ड माझ्या हातात ठेवलं. “लायसन आला, बाई. तुमाला दाखवाचा होता.”

मी चाचरत मालकांच्या डोळ्याचं विचारलं.

“त्यो बी गेला. तारीख हुकली ना मंग.” कुणालाच बोल न लावता त्यांनी सांगितलं. “आता रोज फिरवून आनते. दिसत न्हाय, पन इंजिनाचा आवाज ऐकून बरोबर सांगतात, गियर बदल.”

सरांना केलेल्या फोनचं मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी कार्डावरचा फोटो पाहिला आणि कार्ड परत दिलं.

मालक शेजारच्या सीटवर काळा चष्मा लावून ताठ बसले होते. मावशींनी त्यांना सांगितलं, “क्लासातल्या बाई हायेत.” त्यांनी काच खाली केली आणि दोन्ही हात जोडले. मी उभी होते तिथे नाही, जरा बाजूला, फाटकाच्या खांबाकडे.

“तुमची सोबत होती म्हनून शिकली ती,” ते म्हणाले. “लय उपकार झाले, बाई.”